सपाट ठाण

भिंतीवर पेन्सिलच्या दोन रेघा,
मागच्या दसऱ्याची आणि त्याआधीच्या दसऱ्याची.
एकावर एक.
मी म्हणालो, पेन्सिल घसरली असेल.
पद्मजा काही बोलली नाही,
तिनं भार्गवीचा फ्रॉक पुढं केला.
तिसरं वर्ष, दुमड सोडायची वेळच आली नव्हती.

डॉक्टर खूप झाले.
साखर पेठेतल्यानं जंताचं औषध दिलं, तीनदा.
एकानं लोहाच्या गोळ्या. शी काळी झाली, चेहरा पांढराच.
एकजण वर न बघता म्हणाला,
अंगकाठीच तशी, आईकडं बघा की.
आणि सगळे मिळून म्हणाले, पोट नाजूक आहे,
भाकरी जड जाते, बंद करा.
मऊ चपाती द्या, दुधात ब्रेड, शेवयांची खीर.
सोलापुरात राहून आम्ही ज्वारी लपवून खाल्ली,
लेकीच्या नजरेआड, चोरासारखी,
आणि तिला गहू भरवला
तूप लावून, गोष्टी सांगून.

रात्री पोट नगाऱ्यासारखं.

सूत घेऊन येणारा टेम्पोवाला सैफन म्हणाला,
भाच्याला आमच्या एका बाईंनी ओळखलं.
पाटी लहान आहे, जिना अंधारा,
वेळ लई लागतो. लई विचारतात त्या.

हत्तुरे बाईंनी हात लावायच्या आधी विचारलं,
काल सकाळपासून काय काय खाल्लं?
परवा?
चपाती कितव्या महिन्यापासून? शी तरंगते का?
बाहेर लोक खोकून दाखवत होते.
बाईंनी पेनचं टोपण लावलं.
मला संशय आहे, म्हणाल्या, खात्री नाही.
सात डॉक्टरांत पहिल्यांदा कुणी खात्री नाही म्हणालं
आणि मी खुर्चीत नीट टेकून बसलो.
एक मुलगा माझ्या हातून सुटला होता, म्हणाल्या, दीड वर्ष.
तेव्हापासून विचारते.

मग माझ्या खांद्याकडं बघून,
तो टॉवेल द्या जरा.
आतड्याला आतून अशी लव असते, उभी, दाट.
तिनंच अन्न टिपायचं.
हिची झिजून सपाट झाली असावी. गव्हानं.

टॉवेल माझ्याच लूमवरचा होता.
लूप बसला की ठाण सपाट येतं,
दिसायला टॉवेलच, पाणी मात्र टिपत नाही.
वीस वर्षं मी बोट फिरवून तेवढंच सांगत आलोय.
मला आणखी समजावायला लागलं नाही.

रक्त पुण्याला जाणार, मग दुर्बीण.
तोवर गहू सोडायचा नाही, बाई म्हणाल्या,
सोडला तर रोग लपून बसतो.
म्हणजे अजून वीस दिवस. माहीत असून.
पद्मजा लाटायची, मी ताटाकडं बघत नसे.
नान्ना, आज भूक नाही.
एकच घास, मी म्हणायचो,
आणि तो घास माझ्या बोटांनी करायचो.

रिपोर्ट आला. सिलिॲक.
औषध काय, विचारलं.
भाकरी, बाई म्हणाल्या. जन्मभर.
पद्मजा तिथंच हसायला लागली,
जिन्यात भिंत धरून उभी राहिली बराच वेळ.

पुढचं सोपं नाही. हिंगात गव्हाचं पीठ निघालं.
गिरणीत आमच्या ज्वारीआधी कुणाचे तरी गहू.
इरण्णा म्हणाला, तीन किलोसाठी चक्की खोलू?
चार दिवसांनी तोच दारात,
मंगळवारी पहाटे या, झाडून ठेवतो.

दसऱ्याला अजून वेळ आहे.
भार्गवी चटणीवाल्याला स्वतः विचारते,
मामा, ह्यात हिंग आहे?

काल मोहोळहून कुणाचा तरी फोन आला,
सैफनकडून नंबर मिळाला म्हणे, मुलगा सहा वर्षांचा.
मी जिना सांगितला, पाटी सांगितली,
वेळ काढून जा म्हणालो.
आणि बाईंकडं जाईपर्यंत
चपाती बंद करू नका.
हे सांगताना उजवा हात
आपोआप मागं गेला.